अंदाजाचं बिल आणि दुपटीचा हप्ता: ब्रिटनमधल्या वीज-गॅसच्या डायरेक्ट डेबिटबद्दल

प्रश्न थोडक्यात असा. मिल्टन कीन्समध्ये दोन बेडरूमचं घर भाड्याने घेऊन एक मराठी जोडपं १ ऑगस्टला राहायला आलं. आधीच्या भाडेकरूंची जी वीज-गॅस कंपनी होती तीच त्यांनी चालू ठेवली. खातं उघडताना महिन्याला १०५ पौंडांचा डायरेक्ट डेबिट, म्हणजे बँक खात्यातून आपोआप जाणारा हप्ता, ठरला, तो दर महिन्याच्या २८ तारखेला बिनबोभाट जात राहिला. जानेवारीच्या पहिल्या आठवड्यात ईमेल आला की ३१ डिसेंबरअखेर खात्यावर ४७२ पौंड बाकी आहेत आणि फेब्रुवारीपासून हप्ता २४४ पौंड होईल. दोघंही आठवड्यातले चार दिवस ऑफिसात, हीटिंग सकाळी तासभर आणि संध्याकाळी झोपेपर्यंत. त्यांनी विचारलंय: "एवढं आम्ही वापरलं तरी कधी? बँकेत जाऊन डायरेक्ट डेबिट बंद करून टाकू का? आणि मे महिन्यात आई-बाबा येणार आहेत, तेव्हा हा आकडा अजून किती वर जाईल?" सोबत बिलाची पानं आणि मीटरचे फोटो आहेत, त्यामुळे नेमकं बोलता येईल.

डायरेक्ट डेबिट बंद करू नका. का ते पुढे सांगते. त्याआधी आज घरी गेल्यावर दोन्ही मीटरचं रीडिंग कंपनीच्या ॲपवर टाका आणि टाकल्याचा स्क्रीनशॉट ठेवा. तुमचं सगळं प्रकरण त्या दोन आकड्यांवर उभं आहे. मी इथल्या एका पुरवठादाराच्या बिलिंग विभागात काही वर्षं होते, आता सल्ला केंद्रात ग्राहकांच्या बाजूने हेच काम करते. दोन्हीकडून पाहिल्यावर माझं ठाम मत झालंय की पौंडांवरून वाद घालणाऱ्या ग्राहकाला कंपनीचा माणूस पौंडांतच उत्तर देतो आणि संभाषण तिथेच गोल फिरतं. वाद युनिटांवर आणायचा. वर्षाला किती युनिटं धरली आहेत, कशावरून धरली आहेत, आणि माझं मीटर काय म्हणतंय, एवढंच विचारायचं.

आपण महाराष्ट्रातून येतो तेव्हा डोक्यात महावितरणची पद्धत असते. महिनाभर वापर होतो, रीडिंग घेतलं जातं, बिल येतं, आपण भरतो. रीडिंग मिळालं नाही तर सरासरी बिल येतं आणि पुढे ते दुरुस्त होतं. २०२० च्या लॉकडाउनमध्ये हेच मोठ्या प्रमाणावर झालं होतं. रीडिंग बंद होती, हिवाळ्याच्या कमी वापरावरून सरासरी बिलं निघाली, आणि जूनमध्ये खरं रीडिंग घेतल्यावर उन्हाळ्याचा सगळा वापर एकदम बिलात आल्याने लोक हादरले. तुमच्या खात्यावर अंदाजाचा तोच खेळ उलट्या दिशेने झालाय. तुमचा वापर कमी आणि अंदाज जास्त आहे. शिवाय इथे एक जास्तीचा थर आहे. बिल वेगळं आणि डायरेक्ट डेबिटचा हप्ता वेगळा. हप्ता म्हणजे वर्षभराच्या अपेक्षित खर्चाचे बारा समान भाग. उन्हाळ्यात तुम्ही वापराहून जास्त भरता, थंडीत कमी भरता, आणि वर्षाच्या शेवटी दोन्ही बाजू जुळायला हव्यात. हिवाळ्याची बेगमी उन्हाळ्यात करायची, असा त्यामागचा विचार आहे. विचार चांगला आहे. अडचण येते ती 'अपेक्षित खर्च' कुठून आला इथे.

आता तुमचं बिल उघडू. ३१ डिसेंबरच्या बिलात विजेचं शेवटचं रीडिंग ४२,८७१ आहे आणि पुढे 'एस्टिमेटेड' लिहिलंय. तुम्ही १० जानेवारीला काढलेल्या फोटोत मीटरवर ४२,११८ दिसतंय. म्हणजे बिलाच्या तारखेनंतर दहा दिवसांनीसुद्धा तुमचं मीटर बिलातल्या आकड्यापर्यंत पोचलेलं नाही, ७५३ युनिटं मागे आहे. गॅसचंही तसंच. बिलात ७,४२४ आणि मीटरवर ७,१०२. मीटर उलटं फिरत नाही, त्यामुळे याहून स्वच्छ पुरावा असू शकत नाही. तुम्ही १ ऑगस्टला किल्ली मिळाल्याच्या दिवशी मीटरचे फोटो काढून पाठवले हे फार चांगलं केलंत. वीज ४१,२३६ आणि गॅस ६,८०४, आणि पहिल्या बिलावर सुरुवातीचं रीडिंग म्हणून तेच आकडे आहेत. अनेकांचं घोडं इथेच पेंड खातं. सुरुवातीचं रीडिंगच अंदाजाने धरलेलं असतं आणि आधीच्या भाडेकरूचा वापर नव्याच्या गळ्यात पडतो. घर बदलणाऱ्या प्रत्येकाने, सामानाची खोकी आत आणण्याआधी, हे दोन फोटो काढावेत.

मग अंदाज चुकला कसा? ब्रिटनमध्ये प्रत्येक वीजजोडणीला आणि गॅसजोडणीला एक क्रमांक असतो. विजेचा 'एमपॅन', गॅसचा 'एमपीआरएन'. त्या क्रमांकाशी वर्षाच्या वापराचा एक अंदाज जोडलेला असतो. विजेसाठी त्याला 'एस्टिमेटेड ॲन्युअल कन्झम्प्शन' आणि गॅससाठी 'ॲन्युअल क्वांटिटी' म्हणतात. कॉल सेंटरवर 'ईएसी' आणि 'एक्यू' असे शब्द ऐकू येतील ते हेच. हा अंदाज घराच्या मीटरशी बांधलेला आहे, माणसाशी नाही. आधीचं कुटुंब गेलं तरी त्यांचा वापर त्या क्रमांकावर राहतो, आणि नवं रीडिंग मिळेपर्यंत कंपनीची यंत्रणा तुम्हाला तेच कुटुंब समजते. गॅसचा आकडा २०१७ पासून, वैध रीडिंग येत राहिली तर, दर महिन्याला नव्याने काढला जातो. पण रीडिंगच आली नाहीत तर तो जुनाच राहतो.

तुमच्या ईमेलच्या खालच्या भागात, बारीक अक्षरांत, कंपनीने धरलेला वार्षिक वापर दिलाय. वीज ३,९०० युनिटं, गॅस १७,८०० युनिटं (युनिट म्हणजे एक किलोवॅट-तास, गॅसचा हिशोबही त्यातच होतो). बहुतेक लोक तिथपर्यंत वाचतच नाहीत, आणि खरी माहिती तिथेच असते. ऑफजेमने, म्हणजे इथल्या नियामक मंडळाने, ऑक्टोबर २०२३ पासून लागू केलेल्या आकड्यांत मध्यम वापराचं घर म्हणून वर्षाला वीज २,७०० आणि गॅस ११,५०० युनिटं धरली होती. कमी वापराचं घर १,८०० आणि ७,५००, जास्त वापराचं ४,१०० आणि १७,०००. म्हणजे दोन माणसांच्या तुमच्या घराला कंपनीने चार-पाच जणांच्या, दिवसभर भरलेल्या मोठ्या घराच्या रांगेत बसवलंय. खातं उघडताना तुम्ही दोन खोल्या, दोन माणसं सांगितलीत, त्यावरून १०५ चा हप्ता निघाला. बिलं मात्र मीटरच्या जुन्या इतिहासावरून निघाली. हप्ता एका अंदाजावर आणि बिल दुसऱ्याच अंदाजावर, त्यामुळे पाच महिन्यांत कागदावर ४७२ पौंडांची तूट तयार झाली.

तुमचा खरा आकडा काढू. तुम्हीही वही घेऊन सोबत बसा, कारण हेच गणित तुम्हाला ईमेलमध्ये लिहायचंय.

१ ऑगस्ट ते १० जानेवारी हे १६२ दिवस. वीज ४२,११८ वजा ४१,२३६, म्हणजे ८८२ युनिटं. दिवसाला साधारण ५.४४, वर्षाला सुमारे २,०००. तुमचं हीटिंग गॅसवर असल्यामुळे विजेचा वापर वर्षभर बऱ्यापैकी सारखा असतो, म्हणून साधा त्रैराशिक चालतो.

गॅसला साधा त्रैराशिक लावायचा नाही. बरेच हुशार लोकही इथे फसतात. आधी घनमीटरचं युनिटात रूपांतर. मीटरच्या आकड्यांतला फरक २९८ घनमीटर. त्याला १.०२२६४ ने गुणायचं, मग बिलावर दिलेल्या कॅलरिफिक व्हॅल्यूने (गॅसमधल्या उष्णतेचं माप, ते ३९ च्या पुढेमागे असतं) गुणायचं आणि ३.६ ने भागायचं. एका घनमीटरला साधारण ११.२ युनिटं पडतात, म्हणजे तुमची ३,३३८ युनिटं झाली. हे १६२ दिवसांचं म्हणून ३६५ दिवसांचं ७,५०० च्या आसपास, असं कुणी सांगेल. या वेळी योगायोगाने उत्तर जवळ येतं, कारण तुमच्या काळात ऑगस्ट-सप्टेंबरचे, गॅस फारसा न लागणारे महिने आणि डिसेंबरची थंडी दोन्ही आहेत. तोच हिशोब नोव्हेंबरच्या सुरुवातीला केला असता तर वार्षिक वापर फारच कमी आला असता, आणि फक्त डिसेंबर-जानेवारीवरून केला असता तर अवाच्या सवा. गॅसचा बहुतांश वापर ऑक्टोबर ते मार्चमध्ये होतो. वर्षाच्या गॅसपैकी ऑगस्ट ते १० जानेवारीपर्यंत अंदाजे ४४ टक्के होतो असं मी धरते, त्यावरून तुमचा वार्षिक वापर ७,६०० येतो. कंपनीच्या १७,८०० च्या निम्म्याहूनही कमी.

दरांसाठी बिलावरचे दर घ्या. तुमच्या बिलावर, पाच टक्के व्हॅट धरून आणि थोडे पूर्णांकात आणून, विजेचं युनिट २६ पेन्स, गॅसचं ६.३ पेन्स, आणि स्टँडिंग चार्ज (वापर असो-नसो, रोज लागणारा ठरावीक आकार) विजेचा ५४ व गॅसचा ३४ पेन्स आहे. वीज ५२० अधिक १९७, गॅस ४७९ अधिक १२४. सगळं मिळून वर्षाला १,३२० पौंड, महिन्याला ११०. कंपनीच्या युनिटांवर हेच गणित केलं तर वर्षाला २,४५६ येतात, महिन्याला २०५, आणि त्यावर ४७२ ची कागदी तूट बारा महिन्यांत वसूल करायला ३९. बेरीज २४४. त्यांचा आकडा आकाशातून पडलेला नाही. गणित बरोबर आहे, आत टाकलेली युनिटं चुकीची आहेत. फोनवर बोलताना हे लक्षात असलं की आवाज चढवावा लागत नाही.

आणि खरी बाकी किती? १० जानेवारीपर्यंत तुमचा प्रत्यक्ष खर्च ५८२ पौंड, भरलेले पाच हप्ते ५२५. म्हणजे ५७ पौंड बाकी. ती थंडीच्या मध्यावर असणं स्वाभाविक आहे. मार्चअखेर ती शंभराच्या वर जाईल, मग एप्रिलपासून उतरेल. जानेवारीचा हप्ता १०५ च जाऊ द्या आणि फेब्रुवारीपासून ११५ मागा. १०५ चे सहा आणि ११५ चे सहा हप्ते मिळून बरोबर १,३२० होतात, जुलैअखेर खातं शून्यावर येतं. मी मुद्दामच १०५ वर अडून राहायला सांगत नाही. थोडी वाढ रास्त आहे आणि ती स्वतःहून देऊ केलीत की तुमचं म्हणणं वजनदार होतं.

आता कंपनीला काय लिहायचं. ईमेल किंवा चॅटवर लिहा, फोन केलात तरी नंतर लेखी पाठवा, आणि पहिल्याच ओळीत ही औपचारिक तक्रार आहे असं म्हणा. त्याने आठ आठवड्यांचं घड्याळ सुरू होतं, त्याचं महत्त्व पुढे सांगते. मग दोन्ही मीटरची सुरुवातीची आणि आजची रीडिंग तारखांसह व फोटोंसह, ३१ डिसेंबरचं अंदाजी बिल रद्द करून खऱ्या रीडिंगवर नवं काढा ही मागणी, वर्षाला वीज २,००० आणि गॅस ७,६०० युनिटं धरून हप्ता पुन्हा काढा ही मागणी, आणि तसं करणार नसाल तर कोणत्या माहितीवरून २४४ ठरवले ते लेखी कळवा. शेवटची मागणी तुमचा हक्क आहे. पुरवठादाराच्या परवान्याच्या अटींमध्ये लिहिलंय की ठरावीक रकमेचा डायरेक्ट डेबिट उपलब्ध असलेल्या सर्वांत चांगल्या आणि ताज्या माहितीवर आधारलेला असावा, आणि तो कसा काढला हे ग्राहकाला समजेल अशा भाषेत सांगावं. तुमचं फोटोसकट रीडिंग हाती असताना जुन्या भाडेकरूचा आकडा 'ताजी माहिती' ठरू शकत नाही. कधीकधी उत्तर येतं की "उद्योगाच्या यंत्रणेत एक्यू तसाच आहे, आमच्या हातात नाही." यंत्रणेतला आकडा बदलायला वेळ लागतो हे खरं. पण तुमचा हप्ता ठरवताना कंपनीला तोच आकडा वापरायची सक्ती नाही. तिथे नमतं घेऊ नका.

हा प्रश्न एकट्यादुकट्याचा नाही, हेही सांगते, कारण आपल्याकडे नव्याने आलेली मंडळी "आपलंच काही चुकलं असेल" म्हणून गप्प भरत राहतात. २०२१ च्या शरद ऋतूपासून गॅसचे घाऊक भाव कडाडले तेव्हा ब्रिटनमधल्या जवळजवळ तीस पुरवठादार कंपन्या बुडाल्या. त्यांतल्या काही ग्राहकांच्या आगाऊ जमा रकमेवरच दिवस काढत होत्या असं नंतर दिसलं. त्या ग्राहकांचे पैसे वाचले, पण त्याचा भार सगळ्या ग्राहकांच्या बिलांवर पसरला. मग २०२२ मध्ये ऑफजेमने डायरेक्ट डेबिटची तपासणी केली, तेव्हा कळलं की फेब्रुवारी ते एप्रिल २०२२ या काळात पाच लाखांहून जास्त ग्राहकांचे हप्ते दुपटीहून अधिक वाढवले गेले होते. त्या वर्षी दर खरोखरच वाढले होते, पण प्रत्येक वाढ तेवढी रास्त नव्हती आणि काही कंपन्यांना हिशोब पुन्हा करावे लागले. नियामकालाच हे पाहावं लागलं, तर तुम्ही विचारण्यात संकोच कसला?

आता डायरेक्ट डेबिट का बंद करायचा नाही ते. बँकेच्या ॲपवर ते दोन टिचक्यांचं काम आहे, म्हणूनच मोह होतो. पण बंद केलात की कंपनी तुम्हाला बिल आल्यावर पैसे भरणाऱ्या ग्राहकांच्या गटात टाकू शकते, आणि त्या गटाचे दर जास्त असतात. दुसरं, ५७ पौंड का होईना, खरी बाकी आहे. ती वाढत गेली तर वसुलीची पत्रं सुरू होतात. तिसरं, जे तुमच्यासारख्या नव्याने आलेल्यांना सगळ्यांत जास्त भोवतं: बरेच पुरवठादार पैसे भरल्याची आणि चुकवल्याची नोंद क्रेडिट संस्थांना कळवतात. इथे तुमची पत आत्ता कुठे तयार होतेय. उद्या मोबाइलचा करार, गाडीचं कर्ज, घराचं मॉर्गेज, सगळीकडे हीच फाइल उघडली जाणार. चुकीच्या बिलावरच्या रागापोटी ती खराब करू नका.

बँकेकडे तुमचं संरक्षण आहे, फक्त ते कशासाठी आहे हे नीट समजून घ्या. 'डायरेक्ट डेबिट गॅरंटी' म्हणते की रकमेत किंवा तारखेत बदल असेल तर आगाऊ कळवलं पाहिजे, साधारणपणे दहा कामकाजाचे दिवस आधी. न कळवता किंवा कळवलेल्याहून वेगळी रक्कम काढली तर बँक तुम्हाला ताबडतोब पूर्ण परतावा देते. तुम्हाला मात्र ईमेलने कळवलेलं आहे. 'अंदाज चुकीचा आहे' ही तक्रार बँकेची नाही, पुरवठादाराची. तिथे गॅरंटी वापरून पैसे परत घेतलेत तर ती रक्कम पुरवठादाराच्या खात्यावर बाकी म्हणून उभी राहील.

आठ आठवड्यांचं घड्याळ मी म्हटलं ते असं. औपचारिक तक्रारीनंतर आठ आठवड्यांत समाधान झालं नाही, किंवा त्याआधीच कंपनीने 'आम्ही याहून जास्त काही करणार नाही' असं डेडलॉकचं पत्र दिलं, की तुम्ही एनर्जी ऑम्बड्समनकडे, म्हणजे अशा तक्रारींचा निवाडा करणाऱ्या स्वतंत्र संस्थेकडे, जाऊ शकता. फुकट आहे, वकील लागत नाही, ऑनलाइन अर्ज भरून फोटो आणि पत्रव्यवहार जोडायचा. तुम्ही निर्णय मान्य केलात तर तो कंपनीवर बंधनकारक असतो. मधल्या काळात मदत लागली तर इंग्लंड आणि वेल्समध्ये सिटिझन्स ॲडव्हाइसची ग्राहक हेल्पलाइन आहे. पण मनापासून सांगते, दोन फोटो आणि वरचं गणित असलेली तक्रार सहसा तिथपर्यंत जावीच लागत नाही.

ज्यांच्या मीटरचा आणि बिलाचा मेळ तरीही बसत नाही त्यांनी गॅसचं मीटर एकदा निरखून पाहावं. जुनी मीटरं घनफुटांत मोजतात, नवी घनमीटरमध्ये. खूण तबकडीवरच छापलेली असते; घनफुटांच्या मीटरवर बहुधा चार आकडे असतात, घनमीटरच्या मीटरवर पाच. कंपनीच्या नोंदीत प्रकार चुकला असेल तर गॅसचा वापर २.८३ पट फुगतो किंवा तेवढाच आक्रसतो. तुमचं मीटर घनमीटरचं आहे, मी फोटोत पाहिलं. रीडिंग देताना लाल आकडे आणि दशांश चिन्हापुढचे आकडे सोडायचे, तेही तुम्ही बरोबर केलंय. ज्यांच्याकडे दिवस-रात्र वेगळ्या दरांचं इकॉनॉमी सेव्हन मीटर आहे त्यांनी दोन रीडिंगची अदलाबदल झाली नाही ना हे तपासावं.

उलट बाजूही सांगायला हवी. अंदाज खऱ्याहून कमी असेल तर लोक खूश असतात, आणि वर्ष-दीड वर्षाने खरं रीडिंग गेलं की मोठं बिल येतं. तिथे एक नियम तुमच्या बाजूचा आहे: मे २०१८ पासून, कंपनीच्या चुकीमुळे बिल निघालं नसेल, तर १२ महिन्यांपेक्षा जुन्या वापराचे पैसे ती मागू शकत नाही. अट एवढीच की तुम्ही रीडिंग घेण्यात अडथळा आणलेला नसावा. म्हणून कमी आकडा दिसला तरी रीडिंग द्या.

दर महिन्याच्या ठरावीक तारखेला रीडिंग द्यायची सवय लावा. बिल निघण्याच्या दोन-तीन दिवस आधी दिलंत तर बिल अंदाजाने निघायचं कारणच उरत नाही. स्मार्ट मीटर मागून घेणं उत्तम, भाड्याच्या घरातही बिल तुमच्या नावावर असेल तर मागता येतं; घरमालकाला आधी कळवा, काही करारांत तशी अट असते. पण स्मार्ट मीटर लागलं म्हणून बिलाकडे पाहणं सोडू नका. सिग्नल तुटला की तेही गप्प बसतं आणि बिलावर पुन्हा 'एस्टिमेटेड' उगवतं.

हप्त्यांचा हा सगळा हिशोबच नको असेल तर बऱ्याच पुरवठादारांकडे दुसरा प्रकार असतो: दर महिन्याला खऱ्या बिलाची जेवढी रक्कम तेवढाच डायरेक्ट डेबिट. तुमच्या वापरावर ऑगस्टला साधारण ८३ पौंड आणि जानेवारीला १५० च्या आसपास जातील. ज्यांच्या पगारात हा चढउतार मावतो आणि जे नियमित रीडिंग देतात त्यांना मी हाच सुचवते. भारतातल्या सवयीलाही तो जवळचा आहे. पगार महिन्याच्या शेवटापर्यंत जेमतेम पुरत असेल तर समान हप्ताच बरा, डिसेंबर-जानेवारीत हात आखडत नाही.

आई-बाबांचं. मे ते ऑक्टोबर राहणार असतील तर काळजीचं फार कारण नाही. त्या काळात हीटिंग जवळपास बंद असतं. गरम पाणी, स्वयंपाक, दिवसभर चालू टीव्ही यांनी बिल वाढेल, पण हप्ता दुप्पट करण्याइतकं नाही. कुकरच्या शिट्ट्यांना लागणारा गॅस हीटिंगपुढे अगदीच किरकोळ. तेच जर नोव्हेंबर ते एप्रिल आले तर चित्र बदलतं, कारण घर दिवसभर उबदार ठेवावं लागेल, आणि ते ठेवायलाच हवं. वयस्क माणसांना थंड घरात बसवून वाचवलेले पौंड काही कामाचे नाहीत. तसं असेल तर येण्याआधी दोन-तीन महिने हप्ता स्वतःहून थोडा वाढवा.

बातम्यांमधल्या प्राइस कॅपच्या (ऑफजेमने ठरवलेल्या कमाल दरांच्या) आकड्याने घाबरू नका आणि निर्धास्तही होऊ नका. 'ऑक्टोबर ते डिसेंबर २०२५ ची कॅप १,७५५ पौंड' असं वाचून अनेकांना वाटतं की याहून जास्त बिल येणारच नाही. कॅप युनिटच्या दरावर आणि स्टँडिंग चार्जवर असते, एकूण बिलावर नाही. तो आकडा मध्यम वापराच्या, डायरेक्ट डेबिटने पैसे भरणाऱ्या घराचा वार्षिक हिशोब आहे. २०२२ च्या ऑक्टोबरपासून ती दर तीन महिन्यांनी बदलते. तुम्ही बदलत्या दरावर असाल तर प्रत्येक बदलाला वरचं गणित नव्या दरांनी पुन्हा करा, पाच मिनिटांचं काम आहे. उत्तर आयर्लंडला ही कॅप लागू नाही, तिथला नियामक वेगळा आहे, आणि डब्लिनमधल्या मंडळींसाठी तर देशच वेगळा. माझं हे उत्तर इंग्लंड, वेल्स आणि स्कॉटलंडपुरतं धरा.

पुढच्या उन्हाळ्यानंतर तुमचं खातं जमेच्या बाजूला दिसेल. सप्टेंबर-ऑक्टोबरला एक-दोन हप्त्यांएवढी जमा असणं योग्य आहे, ती थंडीत संपते. पण एप्रिल-मेमध्ये, हीटिंग बंद होताना, खात्यावर दोनशे-तीनशे पौंड पडून असतील तर हप्ता जास्त आहे. खरं रीडिंग द्या आणि परतावा मागा. मागितल्यावर कंपनीने तो द्यायला हवा, आणि नाकारायचा असेल तर सबळ कारण सांगायला हवं. घर सोडाल त्या दिवशी पुन्हा दोन्ही मीटरचे फोटो, नवा पत्ता कंपनीला, आणि अंतिम बिल सहा आठवड्यांत आलं का याकडे लक्ष. अंतिम बिल भरेपर्यंत किंवा उरलेली जमा परत येईपर्यंत डायरेक्ट डेबिट आणि ते बँक खातं दोन्ही चालू ठेवा, विशेषतः भारतात परतणार असाल तर.